पाय एकच, सल्ले दोन: व्हेरिकोज व्हेन्ससाठी सरकारी स्ट्रिपिंग की खासगी लेसर?

लेथवाला

दुखणं पायाचं आहे, पण गोंधळ डोक्यात झालाय. जाणकारांनी जरा मदत करावी.

चाळिशी ओलांडलेली, काम लेथ मशिनवर. कामाची पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उभं राहायचं. उजव्या पायात मांडीच्या आतल्या बाजूने खाली पोटरीपर्यंत जाड, वेडीवाकडी शीर कित्येक वर्षं दिसतेय. दुखत नव्हती म्हणून लक्ष दिलं नाही. आता संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, मोज्याचं रबर कातडीत रुतलेलं दिसतं. गेल्या काही महिन्यांत घोट्याच्या वर आतल्या बाजूला तपकिरी डाग आलाय आणि तिथे खाज सुटते. आधी गजकर्णाचं मलम लावत होतो. नेहमीच्या डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. हा शिरेचाच प्रताप आहे, म्हणाले, सर्जनला दाखवा.

सरकारी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत दाखवलं. एका तरुण डॉक्टरांनी मला उभं करून पाय बघितला, मग झोपवून, पट्टा बांधून, परत उभं करून बघितला. वरिष्ठांना बोलावलं. व्हेरिकोज व्हेन्सचं निदान झालं, डॉप्लर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) लिहून दिला. शस्त्रक्रिया म्हणजे स्ट्रिपिंग: जांघेत शीर बांधून गुडघ्यापर्यंतची ओढून काढायची, कमरेतून भूल. तारीख मात्र बरीच लांबची, आणि तीही पुढे जाऊ शकते असं आधीच सांगून टाकलं. तोपर्यंत घट्ट स्टॉकिंग घालायचं.

घरच्यांच्या आग्रहाने मग एका खासगी सेंटरला गेलो. तिथे लगेच एसी खोलीत झोपवून डॉप्लर केला, रंगीत चित्रं दाखवली आणि दोन्ही पाय करावे लागतील असं सांगितलं. उजव्याला लेसर, डाव्याला ग्लू. सकाळी या, संध्याकाळी चालत घरी जा, याच आठवड्यात करू. ‘ती चिरफाड आता कोणी करत नाही’ हे वाक्य तिथल्या डॉक्टरांनीही ऐकवलं आणि समुपदेशक बाईंनीही. खर्च बराच आहे, विमा आहे पण नवा आहे.

डावा पाय मला कधीही दुखलेला नाही. तिथे फक्त घोट्याजवळ बारीक जांभळ्या रेषा आहेत.

सरकारीतली पद्धत खरंच टाकाऊ आहे का? थांबलो तर पाय बिघडेल का? आणि डाव्या पायाचं काय?


सोफ्यावरचा

माझं खासगीत लेसरने झालंय, एकाच पायाचं. अनुभव चांगला. टेबलावर जागाच होतो. मांडीत गार सलाईनसारखं औषध बऱ्याच ठिकाणी टोचतात, ते टोचणं हाच काय तो त्रास. नंतर जळका वास आल्यासारखं वाटलं, पण दुखलं नाही. उतरलो आणि तिथल्याच कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं.

जाहिरातीत जे सांगत नाहीत ते सांगतो. पुढचे काही आठवडे मांडीच्या आत कोणीतरी तार ताणून धरल्यासारखं वाटत होतं. पाय सरळ केला की ओढ बसायची. पोटरीच्या आत एक पट्टा अजून बधिर आहे. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती म्हणून घाबरलो नाही.

विम्याबद्दल: पॉलिसी नवी असेल तर आधी ‘प्रतीक्षा कालावधी’चं पान वाचा. बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्स त्या यादीत नाव घेऊन लिहिलेलं असतं. माझा कालावधी संपला होता, तरी कंपनीने ‘हे सौंदर्यासाठी आहे का?’ असं विचारून फाइल अडकवली. त्वचेच्या डागाचा फोटो, डॉप्लरचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर सुटली. फाइलमध्ये तो तपकिरी डाग नोंदवून घ्या, तुमच्या केसमध्ये सगळं वजन त्यालाच आहे.


निवृत्त सिस्टर

भाऊ, माझं आयुष्य ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. बहुतेक सगळं सरकारीत, निवृत्तीनंतर काही काळ एका खासगी डे-केअरमध्ये. दोन्हीकडचे ट्रे मांडलेत, दोन्हीकडचे पाय बांधलेत. डॉक्टर नाही, पण जे पाहिलं ते लिहिते.

नवं-जुनं हा वाद आधी बाजूला ठेवा. तुमच्या पायात नेमकं बिघडलंय काय? पायातलं रक्त पोटरीचे स्नायू वर ढकलतात आणि ते परत खाली घसरू नये म्हणून शिरेत झडपा असतात. तुमच्या भाषेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. जांघेत वरवरची मोठी शीर खोल शिरेला जाऊन मिळते, तिथली झडप गळायला लागली की उभ्या माणसाच्या रक्ताचा सगळा दाब खाली घोट्यावर येऊन बसतो. शीर फुगते, सूज येते, मग कातडीचा रंग बदलतो, मग ती कडक होते आणि एक दिवस फुटते. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. वॉर्डात अशा जखमांचं ड्रेसिंग करताना प्रत्येक वेळी वाटायचं, हा माणूस डाग होता तेव्हाच आला असता तर!

उपाय कुठलाही घ्या, काम एकच: गळकी शीर वापरातून काढायची. स्ट्रिपिंगमध्ये ती ओढून बाहेर काढतात. लेसर आणि आरएफमध्ये (रेडिओ लहरींची उष्णता) आतून भाजून जागच्या जागी बंद करतात, पुढे शरीर ती हळूहळू जिरवतं. फोममध्ये औषधाचा फेस सोडतात, ग्लूमध्ये चिकटवतात. रक्ताचं अडत नाही, पायातलं बहुतेक रक्त एरवीही खोल शिरांतूनच वर जातं.

आता सरकारीतलं वास्तव सांगते. तिथे हात चांगले असतात. जांघेतली ती गाठ बांधण्याचं काम रेसिडेंट मुलं करतात हे खरं, पण बाजूला सर्जन उभे असतात, आणि महिन्याला जेवढ्या शिरा तिथे होतात तेवढ्या कित्येक खासगी ठिकाणी वर्षातही होत नसतील. अडचण लिस्टची. सकाळी ओटीची लिस्ट लागते तेव्हा कॅन्सर, आतड्याचा अडथळा, असली माणसं वर. शिरेची केस खाली. पायाला उघडी जखम असेल तर आणखी खाली, कारण जंतू असलेली केस शेवटीच घ्यायची. मध्येच अपघात आला की शिरेचा माणूस दिवसभर उपाशी पडून संध्याकाळी ‘पुढच्या वारी या’ ऐकतो. मी कितीदा तरी अशा माणसांना चहा देऊन परत वॉर्डात पाठवलंय. त्यात कोणाची लबाडी नसते, पण रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

यावर माझा उपाय: तुमच्या युनिटचा ओटीचा वार कोणता आणि डे-केअरची वेगळी लिस्ट लागते का, हे ओपीडीतल्या सिस्टरला विचारा. कोणी न आल्याने जागा रिकामी झाली तर आदल्या दिवशीच्या फोनवर येऊ शकणारा माणूस त्यांना हवाच असतो. तसा नंबर देऊन ठेवा.

दुसरी अडचण सामानाची. मोठ्या सरकारी रुग्णालयांत लेसर किंवा आरएफचं मशिन असूही शकतं. पण त्याला लागणारं, शिरेत घालायचं फायबर किंवा कॅथेटर (बारीक नळी) एकदाच वापरायचं आणि महाग असतं. त्याचा पुरवठा संपला की मशिन आवरण घालून कोपऱ्यात. मग जे हातात आहे ते करतात, म्हणजे स्ट्रिपिंग. तुम्हाला स्ट्रिपिंग सांगितलं यामागे ‘ह्या पायाला तेच योग्य’ असंही असेल किंवा ‘सध्या तेच शक्य’ असंही. सरळ विचारा. सरकारी डॉक्टरांना असं विचारलं की राग येतो असा लोकांचा समज आहे. ओपीडीच्या शेवटी, गर्दी ओसरल्यावर विचारा, नीट सांगतात.

खासगीत काय चांगलं? वेळ पाळतात, त्याच दिवशी घरी सोडतात, नंतर फोन उचलतात. सोनोग्राफीचं मशिन टेबलाशेजारीच असतं, पावलापावलाला बघत करतात. वाईट काय? तपासणारा, ठरवणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच असतो. सगळे लुबाडतात असं मी म्हणणार नाही, तिथेही उत्तम डॉक्टर पाहिलेत. पण ‘दोन्ही पाय’ हे पॅकेज मी फार वेळा पाहिलंय. एका पायाची तक्रार घेऊन आलेला माणूस दोन्ही पाय बांधून घरी जायचा.

आता तुमच्या लिहिण्यातली जी ओळ मला खटकली ती. खासगीत डॉप्लर झोपवून केला! आडवं झालं की शिरा रिकाम्या होतात. म्हणून तर आम्ही ओटीत नेण्याआधी पेशंटला उभं करून न पुसणाऱ्या मार्करने शिरा आखून घ्यायचो, टेबलावर घेतलं की अर्ध्या दिसायच्याच नाहीत. खोल शिरेत रक्ताची गाठ आहे का ते झोपवून बघतात, ठीक. पण झडप गळते का, किती गळते, हे उभं करूनच बघायला हवं. सरकारीतल्या त्या पोराने तुम्हाला उभं केलं होतं. मी त्याला जास्त मार्क देईन.


पायलीचे पंधरा

एवढं कशाला करायचं? स्टॉकिंग घाला, रात्री पाय उशीवर ठेवा, जमेल तेव्हा चाला. शीर एकदा काढली की गेली. उद्या हृदयाची बायपास करायची वेळ आली तर तीच शीर लागते म्हणतात. तेव्हा काय करणार?


निळी रेघ

मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतोय. सिस्टरांनी लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं माझ्या शिक्षकांनीही असंच शिकवलंय, काही ठिकाणी भर घालतो.

बायपासचा मुद्दा आधी. रास्त आहे, पण उजव्या पायाला लागू नाही. फुगून वाकडी झालेली शीर बायपाससाठी तशीही चांगली नसते. हा मुद्दा लागू होतो डाव्या पायाला. तिथली मोठी शीर निरोगी असेल तर ती ग्लूने बंद करणं म्हणजे चांगली राखीव शीर घालवणं. घोट्याजवळच्या बारीक जांभळ्या रेषांसाठी मोठी शीर बंद करायचं कारण नसतं.

डॉक्टर पायाची अवस्था ‘सीईएपी’ नावाच्या वर्गवारीत लिहितात, त्यातला ‘सी’ महत्त्वाचा. सी१ म्हणजे बारीक रेषा, सी२ म्हणजे फुगलेल्या शिरा, सी३ सूज, सी४ त्वचेचे बदल, सी५ भरून आलेली जखम, सी६ उघडी जखम. वर्णनावरून लेथवाल्यांचा उजवा पाय सी४ आणि डावा सी१ वाटतो. एकाच माणसाच्या या दोन पायांना सारखाच घाईचा उपचार सुचवला गेला असेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

रिपोर्टमध्ये शोधायचं ते असं. वरवरच्या शिरेत रक्त उलटं वाहण्याचा वेळ ०.५ सेकंदापेक्षा जास्त असेल तर त्याला गळती म्हणतात. हा आकडा प्रत्येक पायासाठी, प्रत्येक शिरेसाठी वेगळा लिहिलेला हवा. सोबत शिरेची रुंदी मिलिमीटरमध्ये, जांघेतल्या जोडाची स्थिती, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत असं स्पष्ट वाक्य. पूर्वी खोल शिरेत गाठ होऊन ती तुंबलेली असेल तर वरवरची शीरच पर्यायी रस्ता झालेली असू शकते. ती घाईने बंद करायची नसते. नुसतं ‘दोन्ही बाजूंना व्हेरिकोसिटी, लेसरचा सल्ला’ एवढंच असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे.

‘चिरफाड कोणी करत नाही’ याबद्दल. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शिका काढली, ती तिथल्या सरकारी सेवेसाठी आहे. त्यात क्रम असा: आधी उष्णतेने शीर बंद करणं, म्हणजे लेसर किंवा आरएफ. ते जमण्यासारखं नसेल तर फोम, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. म्हणजे सरकारी यंत्रणेनेच लेसर-आरएफला पहिला नंबर दिला आहे, तो खासगीचा मक्ता नाही. गंमत अशी की मार्गदर्शिका आल्यानंतरही तिथल्या बऱ्याच भागांत खर्च रोखण्यासाठी स्थानिक नियम लावून नुसत्या फुगलेल्या शिरांच्या रुग्णांना बाहेर ठेवलं गेलं. पैसा सरकारी असला की रांगेत कोणाला उभं करायचं हा प्रश्न येतोच, आणि शिरांचा नंबर सगळीकडे खालीच लागतो.

पण पहिला नंबर म्हणजे बाकीचे बाद, असं नाही. ब्रिटनमध्येच ७९८ रुग्णांवर क्लास नावाची चाचणी झाली. लेसर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना होती. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. शिरांच्या त्रासाशी निगडित जीवनमानाच्या मोजणीत लेसर आणि शस्त्रक्रिया दोन्ही फोमपेक्षा सरस ठरल्या. म्हणजे लांबच्या पल्ल्यात स्ट्रिपिंग लाजिरवाणं अजिबात नाही. लेसर-आरएफचा फायदा सुरुवातीच्या दिवसांत: कमी दुखणं, कमी काळंनिळं होणं, जांघेत चीर नाही. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर लेसर, आरएफ, फोम आणि स्ट्रिपिंग या चारही पद्धतींची तुलना झाली, २०११ मध्ये छापून आली. आरएफ आणि फोमवाले सगळ्यांत लवकर सावरले, पण कामावर परतायच्या वेळेत स्ट्रिपिंग फार मागे नव्हतं. मात्र त्या चाचणीत स्ट्रिपिंगही कमरेतून भूल न देता, मांडीत टोचायच्या पातळ भुलीवरच केलं होतं. भूल कशी देतात यावरही बरंच ठरतं.

शिरा परत येतात का? येतात, सगळ्याच पद्धतींनंतर काही जणांना येतात. स्ट्रिपिंगनंतर जांघेत नव्या बारीक वाहिन्या उगवतात, लेसरनंतर बंद केलेली शीर कधी पुन्हा उघडते किंवा शेजारची फांदी गळायला लागते. ‘कायमचं बरं’ अशी हमी देणाऱ्यापासून सावध.

सिस्टर, एक भर. गुडघ्याखालीही शीर ओढून काढली तर सॅफेनस मज्जातंतूला इजा व्हायची शक्यता वाढते, कारण तो तिथे शिरेला चिकटूनच जातो. म्हणून सरकारीत ‘गुडघ्यापर्यंत’ सांगितलं ते बरोबर. सोफ्यावरच्यांच्या पोटरीतला बधिर पट्टा बहुधा याच मज्जातंतूचा. उष्णतेनेही तो दुखावतो.


निवृत्त सिस्टर

पंधरा भाऊ, स्टॉकिंगला मी नावं ठेवत नाही. सूज उतरते, जडपणा कमी होतो. पण झडप काही दुरुस्त होत नाही, काढलं की पुन्हा तेच. आणि दिवसभर मशिनपुढे घामात ते घालून उभं राहणं किती जणांना जमतं? बहुतेकांच्या कपाटात ते घडी करून ठेवलेलं असतं. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंतचा पूल म्हणून घाला. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, सूज नसताना चढवायचं. सुजलेल्या पायावर संध्याकाळी ओढून काय उपयोग?

घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासून घ्या, विशेषतः मधुमेह असेल किंवा बिडी-सिगारेट असेल तर. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर घट्ट स्टॉकिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रक्त आधीच कमी पोचतंय आणि वरून आपण आवळतोय, अशाने बोटं काळी पडलेली पाहिली आहेत.

आणि शीर फुटून रक्त आलं तर लोक हमखास चुकीचं करतात. उभे राहून धावपळ करतात, वर मांडीला फडकं करकचून बांधतात. मांडी आवळली की रक्त परतायचं थांबतं आणि खालून आणखी वाहतं. आडवं व्हा, पाय छातीच्या वर उचला, स्वच्छ फडकं त्या जागेवरच घट्ट दाबून धरा. दहा मिनिटं उघडून बघायचं नाही. मग रुग्णालयात जा. शिरेतून एकदा रक्तस्राव झाला की रांगेत तुमचा नंबर वर जायलाच हवा, तो सांगून वर घ्यायला लावा.


निळी रेघ

रांग सोडायच्या कारणांत जखमही धरा. गुडघ्याखाली कातडी फुटली आणि दोन आठवड्यांत भरली नाही तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. एव्हरा चाचणीत, २०१८ सालची, पायाला उघडी जखम असलेले ४५० रुग्ण होते. सगळ्यांना दाब देणाऱ्या पट्ट्या बांधल्या. अर्ध्यांच्या शिरा दोन आठवड्यांच्या आत बंद केल्या, उरलेल्यांच्या जखम भरल्यावर किंवा सहा महिन्यांनी. लवकर केलेल्यांची जखम भरायला मध्यक ५६ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांची तेवढ्यात भरली), थांबलेल्यांना ८२. जखम भरून आलेल्यांसाठीही शस्त्रक्रियेला अर्थ आहे: २००४ च्या एस्कार चाचणीत वर्षभरात जखम पुन्हा होण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीवाल्यांत २८ टक्के होतं, शस्त्रक्रियेची जोड दिलेल्यांत १२ टक्के.

लेथवाले, तुमची कातडी अजून शाबूत आहे. काही महिने स्टॉकिंग घालून थांबणं चालेल, वर्षानुवर्षं थांबणं नाही. डागाचा महिन्याला एक फोटो काढून ठेवा, त्याच जागी, त्याच उजेडात. डाग पसरला, कातडी कडक लागायला लागली, पोटरीतली शीर अचानक लाल, गरम, टणक झाली, तर तारखेआधी दाखवा.


लेथवाला

सगळ्यांचे आभार. इथलं वाचून सरकारीत लिहून दिलेला डॉप्लर आधी करून घेतला. उभं करून, एकेका पायावर वजन द्यायला लावून, पोटरी दाबून बघितलं. बराच वेळ लागला, मला वाटलं विसरले की काय.

उजवीकडे जांघेतला जोड गळतो, उलटा प्रवाह २ सेकंदांच्या वर, शीर ९ मिमी. खोल शिरा मोकळ्या. डावीकडे ०.३ सेकंद, ‘मर्यादेत’ असं लिहिलंय. म्हणजे डाव्याचा विषय संपला.

खासगीत फोन करून फक्त उजव्याचं विचारलं. करतो म्हणाले, पण प्रति पाय दर वाढवून सांगितला, पॅकेज मोडलं म्हणून. विम्याचा प्रतीक्षा कालावधी अजून शिल्लक आहे, ते पान वाचलं. म्हणजे सगळं खिशातून.

मग सिस्टरांनी सांगितलं तसं ओपीडीच्या शेवटी जाऊन विचारलं. मशिन आहे, आरएफचं. कॅथेटर संपलंय, कधी येईल सांगता येत नाही. स्ट्रिपिंग या पायाला चालतंच, पण आरएफ मिळालं तर तेही करू, असं स्पष्ट म्हणाले. राग वगैरे काही नाही. बाहेरून कॅथेटर आणून दिलं तर चालेल का, असं मी विचारलं, तर बघू म्हणाले. हे करावं का? कमरेच्या भुलीची मला जरा धास्ती आहे, आणि उभ्याचं काम, लवकर परतता आलं तर बरं.


सोफ्यावरचा

फक्त कॅथेटरचा खर्च आणि खासगीतलं बिल यांत कित्येक पटींचा फरक पडेल. जमत असेल तर मी केलं असतं.


निवृत्त सिस्टर

करा, पण रीतीने. आधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. खरेदी कुठल्या निधीतून बसते का ते त्यांना माहीत असतं, आणि पुष्कळदा पेशंट त्यांच्या दारापर्यंत पोचतच नाही. तिथे नाहीच जमलं तर युनिटच्या प्रमुखांकडून कॅथेटरचं नाव आणि लांबी कागदावर लिहून घ्या. मशिन एका कंपनीचं आणि कॅथेटर दुसऱ्याचं असं चालत नाही, जोडलंच जात नाही. घ्यायचं ते सीलबंद, मुदतीतलं, पक्क्या पावतीसह. धुऊन पुन्हा निर्जंतुक केलेलं स्वस्तात देणारे भेटतील, त्यांना हात जोडा. पाकीट तारखेच्या दिवशी ओटीत तुमच्या समोर उघडायला सांगा आणि त्यावरचं स्टिकर तुमच्या कागदांना लावून घ्या.

भुलीचं म्हणाल तर आरएफला कमरेत सुई लागत नाही, सोफ्यावरच्यांनी सांगितलं तेच मांडीतलं टोचणं. कॅथेटर नाहीच मिळालं आणि स्ट्रिपिंगची तारीख आली तर तारीख सोडू नका. कमरेच्या भुलीबद्दल भूलतज्ज्ञांशी तपासणीच्या दिवशी बोला, टेबलावर चढल्यावर नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही तेव्हाच सांगायच्या. आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर अंथरुण धरू नका. त्याच दिवशी चालायला लागा, एका जागी उभं राहणं मात्र टाळा. कामावर गेल्यावर सुरुवातीला बसायचं काम मागून घ्या. पोटरीत अचानक दुखून सूज आली किंवा धाप लागली तर लगेच तातडीच्या विभागात, ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही.

आणि संमतीपत्रावर सही करताना त्यावर ‘उजवा’ लिहिलंय ना, ते स्वतः वाचून घ्या.